निळी तबकडी आणि आईची खोली

६ ऑक्टोबर १९६६, गुरुवार. बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर ‘आउट ऑफ द अननोन’ या विज्ञानकथांच्या मालिकेचं दुसरं पर्व त्या रात्री सुरू झालं. पहिला भाग होता ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘द मशीन स्टॉप्स’ या कथेवरचा. मराठीत ‘यंत्र थांबतं’ म्हणू. कथा छापून आली होती नोव्हेंबर १९०९ मध्ये, ‘ऑक्सफर्ड अँड केंब्रिज रिव्ह्यू’ या नियतकालिकात. छापील कथा आणि तिचं पडद्यावरचं रूप यांच्यात जवळजवळ ५७ वर्षं आणि दोन महायुद्धं होती. लेखक मात्र हयात होते. वय ८७, मुक्काम केंब्रिजचं किंग्ज कॉलेज.

मी हा भाग पाहिला तो मुलाच्या सांगण्यावरून. तो अकरा वर्षं टोरांटोत आहे. दर रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शनिवारी रात्री, आम्ही पडद्यावर भेटतो. एका रविवारी तो म्हणाला, “आई, हे बघ. तुझ्यासाठी आहे.” मला वाटलं, कथा-कादंबऱ्यांच्या रूपांतरांवर मी अधूनमधून लिहिते म्हणून म्हणाला असेल. भाग पाहिल्यावर लक्षात आलं की त्याचा रोख तिकडे नव्हता.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुढच्या कुठल्याशा काळात माणसं जमिनीच्या पोटात राहतात, प्रत्येकजण स्वतंत्र षट्कोनी खोलीत. खाणं, अंघोळ, गाणं, औषध, व्याख्यानं, मित्र, सगळं बटणं दाबून खोलीत येतं. हे पुरवणारी एकच जगभर पसरलेली व्यवस्था आहे, तिचं नाव यंत्र. वाश्ती नावाची बाई अशा एका खोलीत राहते. तिच्या ओळखीची हजारो माणसं आहेत आणि त्यांतलं एकही माणूस तिच्या खोलीत कधी येत नाही. तिचा मुलगा कूनो पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला तशाच खोलीत राहतो. कथेच्या सुरुवातीला त्याचा निरोप येतो. वाश्तीच्या हातातल्या गोल तबकडीत निळा उजेड येतो, मुलगा दिसू लागतो. तो म्हणतो, माझ्याकडे ये. ती म्हणते की तुला मी बघतेच आहे की. तो म्हणतो की यंत्रातून नाही, समोरासमोर. तिला हे अडाणीपणाचं वाटतं. प्रवासाला दोन दिवस लागतात, तिच्या कामाचं नुकसान होतं, बाहेरचं आकाश तिला सोसत नाही. ती कारणं सांगत राहते.

शेवटी ती जाते. मुलानं केलेला गुन्हा ऐकते: तो परवानगीशिवाय, स्वतःच्या पायांनी, जमिनीच्या वर जाऊन आला आहे. त्याला आता ‘बेघर’ करण्याची, म्हणजे मारण्याची, धमकी मिळाली आहे. ती परत येते आणि त्याच्याशी संबंध जवळजवळ तोडते. पुढे बऱ्याच काळानं यंत्र हळूहळू बिघडू लागतं. आधी गाण्यात खरखर, मग अंघोळीच्या पाण्याला वास, मग बिछाने येईनासे होतात. लोक तक्रार करतात आणि मग त्या बिघाडाची सवय करून घेतात. एके दिवशी यंत्र थांबतं.

आता या भागासमोरची अडचण पाहा. आरामखुर्चीत बसून उजळलेल्या काचेत जग बघणाऱ्या माणसांवर ही कथा आहे. आणि ती दाखवायची कुणाला, तर आरामखुर्चीत बसून उजळलेल्या काचेत बघणाऱ्या माणसांनाच. चित्रपटगृहात निदान शेजारी अनोळखी खांदा असतो. दूरचित्रवाणी घरात येते, एकेका खोलीत. म्हणजे कथेतलं यंत्र ज्या जातीचं, त्याच जातीच्या यंत्राकडून तिचं रूपांतर व्हायचं होतं. १९०९ साली हा पेच नव्हताच. फॉर्स्टरनी तबकडी कल्पिली तेव्हा दूरचित्रवाणी अस्तित्वात नव्हती. जॉन लोगी बेअर्डनी लंडनमध्ये तिचं प्रात्यक्षिक दाखवलं ते जानेवारी १९२६ मध्ये.

कथेचा उगम फॉर्स्टरनी स्वतःच सांगून ठेवला आहे: एच. जी. वेल्स यांनी आधी रंगवलेल्या एका यंत्रसुखी स्वर्गावरची ही प्रतिक्रिया होती. काळही तसाच होता. जानेवारी १९०८ मध्ये आन्री फार्मान यानं विमानातून एक किलोमीटरची फेरी पुरी केली, आणि त्या बातमीनं अस्वस्थ होऊन फॉर्स्टरनी रोजनिशीत लिहिलं. पुढच्या वर्षी जुलैत ब्लेरिओनं विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली आणि नोव्हेंबरात ही कथा आली. पण वेल्सला उत्तर म्हणून लिहिलेली कथा वेल्सला विसरूनही वाचता येते, कारण तिच्या पोटात वाद नाही, एक आई आणि एक मुलगा आहे.

वाश्ती हे नावही उगीच आलेलं नाही. बायबलच्या जुन्या करारात एस्तेरच्या पुस्तकात वश्ती नावाची राणी आहे. राजा मेजवानीत तिला बोलावणं पाठवतो, पाहुण्यांसमोर ये म्हणून. ती येत नाही. त्या नकारात एक ताठ मान आहे. फॉर्स्टरनी नाव उचललं, नकार उचलला आणि ताठ मान तेवढी काढून टाकली. ही वाश्ती नकार देते तो तिला खुर्चीतून उठायचं नसतं म्हणून.

मालिकेची निर्माती होती आयरीन शुबिक. त्याआधी तिनं व्यापारी वाहिनीसाठी ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’ ही विज्ञानकथांची मालिका केली होती, आणि बीबीसीतही तिचा आग्रह होता की छापील साहित्यातल्या चांगल्या विज्ञानकथा शोधून त्यांची नाटकं करायची. राक्षस आणि अग्निबाण यांच्यावर तिची फारशी भिस्त नसे. या भागाची संहिता केनेथ कॅव्हँडर आणि क्लाइव्ह डॉनर यांची, दिग्दर्शन फिलिप सॅव्हिल यांचं. दोनच वर्षांपूर्वी सॅव्हिलनी डेन्मार्कमधल्या एल्सिनोरच्या खऱ्या किल्ल्यात जाऊन बीबीसीसाठी ‘हॅम्लेट’ केलं होतं. तिथून ते थेट खिडकी नसलेल्या खोलीत आले.

भाग सुमारे ५० मिनिटांचा, कृष्णधवल. बीबीसीच्या या वाहिनीवर रंग आले ते पुढच्या वर्षी, जुलै १९६७ मध्ये. म्हणजे कथेतल्या तबकडीचा निळा रंग पडद्यावर नाहीच. पण ज्यांनी जुने कृष्णधवल संच पाहिले आहेत त्यांना आठवेल: दिवा मालवून बसलं की त्या काचेचा उजेड निळसर पडायचा, भिंतीवर आणि बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर. आमच्या वाड्यात ज्यांच्याकडे संच होता त्यांच्या खिडकीतून रस्त्यावर तो निळा उजेड दिसायचा आणि त्यावरून कार्यक्रम चालू आहे हे कळायचं. चित्रात नसलेला तो रंग बघणाऱ्याच्या तोंडावर होता. सॅव्हिलना हे सुचलं होतं की नाही, याला फारसं महत्त्व नाही. १९६६ च्या त्या रात्री जो कोणी अंधारात बसून वाश्तीकडे बघत होता, तो वाश्तीसारखाच दिसत होता.

पण हा योगायोग झाला. भागाचं खरं काम इव्हॉन मिचेल या अभिनेत्रीनं केलं आहे.

फॉर्स्टर कथेच्या पहिल्याच पानावर वाश्तीला जवळजवळ मांसाचा गोळा करून टाकतात. बुटकी, कपड्यांत गुंडाळलेली, अळंबीसारख्या पांढऱ्या चेहऱ्याची. तिच्यावर हसायला त्यांनी आपल्याला पूर्ण मुभा दिली आहे. तिला व्याख्यानं द्यायची घाई, तिला ‘कल्पना’ हव्यात, तिला सूर्यप्रकाशाचा त्रास होतो, आणि यंत्राच्या माहितीपुस्तकाला ती देवाच्या पोथीसारखी ओठ टेकवते. वाचताना आपण तिच्या बाजूला जात नाही. सगळी माया कूनोकडे.

पडद्यावर हे टिकत नाही. मांसाच्या गोळ्याची भूमिका करायला शेवटी माणूस लागतं, आणि माणसाला डोळे असतात. मिचेलना केस नसलेली, फिकट, जड हालचालींची बाई केलं आहे. पण मुलाचा चेहरा तबकडीत आल्यावर तिच्या चेहऱ्यावरून जे सरकून जातं ते कथेत कुठंही लिहिलेलं नाही. ती चिडते, घड्याळाकडे लक्ष ठेवते, आणि त्या चिडण्याच्या आत कुठंतरी ती त्याची वाट बघत होती हे दिसतं. फॉर्स्टरनी जे व्यंगचित्र काढलं होतं त्याची पडद्यावर आई झाली. उपहासाचं नुकसान झालं, आणि माझ्या मते कथेचा फायदा झाला. कूनोनं सांगितलेलं वाश्तीला समजत नाही, हे वाचताना तिचं मूर्खपण वाटतं. बघताना वाटतं की तिला समजतंय, पण समजलं असं मान्य केलं तर तिच्याजवळ दुसरं काहीच उरणार नाही.

मिचेलची निवड आणखी एका कारणानं चपखल होती. १२ डिसेंबर १९५४ ला बीबीसीनं जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ नाट्यरूपात सादर केली, रुडॉल्फ कार्टिअर यांच्या दिग्दर्शनाखाली. त्या प्रयोगावर मोठं वादळ उठलं होतं. त्यात पीटर कुशिंगबरोबर ज्यूलियाची भूमिका याच इव्हॉन मिचेलनी केली होती. ज्यूलिया म्हणजे पक्षाच्या राज्यात देहाच्या हक्कासाठी बंड करणारी मुलगी, भिंतीवरच्या टेलिस्क्रीनपासून लपून प्रेम करणारी. बारा वर्षांनी तोच चेहरा यंत्राची भक्तीण म्हणून पुन्हा घरोघरी आला.

दोन्ही गोष्टी जवळजवळ ठेवल्या की फरक नीट दिसतो. ऑर्वेलचा पडदा माणसाकडे बघतो. फॉर्स्टरच्या यंत्राला माणसाकडे बघण्यात रस नाही, ते फक्त पुरवतं. तिथं हुकूमशहा नाही, मिशीवाला चेहरा नाही, छळघर नाही. एक मध्यवर्ती समिती आहे, पण तीही यंत्राची कारकुनीच करते. कुणी वाश्तीला कोंडलेलं नाही. विमानं चालू आहेत, दार उघडतं, परवानगी मिळते. लोक बाहेर पडत नाहीत कारण बाहेर पडण्यात काय मिळणार, हे त्यांना सुचत नाही. बंदीपेक्षा ही अवस्था लिहायला अवघड, कारण तिथं शत्रू दाखवता येत नाही.

कथेत कूनोचा जमिनीवरचा प्रवास आपल्याला कसा कळतो, याकडे मी पूर्वी कधी लक्ष दिलं नव्हतं. तो आईला सांगतो. दुसरा भाग बराचसा त्याच्या तोंडूनच आहे. आधी खोलीबाहेरच्या फलाटावर येरझारा घालून त्यानं पायांत बळ आणलं. ‘जवळ’ म्हणजे पायांनी लवकर पोचता येतं ते आणि ‘लांब’ म्हणजे जिथं तसं पोचता येत नाही ते, हे शब्द त्यानं पायांकडून नव्यानं शिकून घेतले. मग जुन्या बोगद्यातून हवेच्या विवराचा माग काढला, अंधारात चढला, आणि वर वेसेक्सच्या टेकड्यांत गवतावर जाऊन पडला. हे सगळं आपण वाश्तीबरोबर ऐकतो. जे काही स्वतः केलेलं, स्वतः पाहिलेलं आहे तेही वाचकाच्या हाती सांगोवांगीच येतं. पुढे कथेत एक विद्वान व्याख्याता उपदेश करतो की मूळ अनुभवाच्या फंदात पडू नका, दहा जणांच्या तोंडून गाळून आलेला विचारच शुद्ध. तो विनोद आपल्यावरही आहे, कारण आपणही तसंच वाचत आलेलो असतो.

सॅव्हिलनी हे सांगणं दाखवण्यात बदललं. मायकेल गॉथर्ड हा सडपातळ, पिळदार अंगाचा नट कूनो झाला आहे, आणि तो चढतो, लोंबकळतो, दमतो. इथं कथेतली एक रचना मोडली हे खरं. पण त्याजागी आलं ते काय? देह. त्या जगात तान्ह्या मुलांची तपासणी होते आणि जास्त बळकट निघणारं मूल मारून टाकतात, हे वाक्य कागदावर वाचून आपण पुढे जातो. पडद्यावर आधी दहा मिनिटं खुर्चीतली बाई बघितलेली असते. मग त्या मुलाचे दंड दिसतात आणि कळतं की हा जगला कसा, हेच आश्चर्य. यंत्रानं त्याला बाप होण्याची परवानगी नाकारलेली आहे. त्याच्यासारखा आणखी एक यंत्राला नको आहे.

मात्र दुरुस्तीयंत्राचे ते लांब पांढरे किडे, जे कूनोला पकडून पुन्हा खाली ओढतात, ते मला वाचतानाच जास्त भीतिदायक वाटले. किडा दिसला की त्याचं माप कळतं, आणि माप कळलं की अर्धी भीती गेली. कथेचा निवेदकही पडद्यावर हरवतो. फॉर्स्टरचा सूर खट्याळ आहे. भयंकर गोष्ट ते एखाद्या घरगुती गैरसोयीसारखी सांगतात, वाचकाला मधूनच हाक मारतात. कॅमेऱ्याला तो सूर जमत नाही. हा भाग अखेरपर्यंत गंभीर आहे, आणि गांभीर्यानं कथेला थोडं वय आणलं आहे.

विमानप्रवासातला एक प्रसंग सांगायलाच हवा. वाश्ती मुलाकडे जायला निघते. कथेत विमानातली एक सेविका, वाश्ती उन्हाची तिरीप चुकवताना झोक जाऊन पडेल म्हणून, हात पुढे करून तिला सावरते. वाश्ती संतापते. माणसानं माणसाला हात लावायचा नसतो. यंत्रामुळे ती रीत केव्हाच मोडीत निघालेली आहे. सेविका ओशाळते आणि माफी मागते, तिला पडू दिलं नाही याबद्दल. खाली हिमालय येतो. या डोंगरांतून काही कल्पना सुचत नाही म्हणून वाश्ती खिडकीवर पडदा ओढायला लावते. पुढे कॉकेशसचं तेच होतं आणि ग्रीसचंही.

फॉर्स्टर हिमालय लिहून मोकळे झाले तेव्हा त्यांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. ते इकडे प्रथम आले १९१२ मध्ये. त्या फेरीत ते देवासला गेले, आणि १९२१ साली पुन्हा आले ते देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस म्हणून. हे मराठी संस्थान. महाराज राजर्षी शाहूंचे जावई. चिटणीस म्हटल्यावर वाचन-लेखनाचं काम असेल असं फॉर्स्टरना वाटलं असणार. प्रत्यक्षात त्यांच्याकडे आल्या बागा, टेनिसची मैदानं, मोटारगाड्या, पाहुण्यांचा बंगला आणि वीजघर! ‘यंत्र थांबतं’ लिहिणाऱ्या माणसाच्या हाती बारा वर्षांनी दरबाराच्या वीजघराचा कारभार यावा, आणि तोही अशा ठिकाणी जिथं बहुतेक यंत्रं सुरू होण्याआधीच थांबत, याची गंमत त्यांना स्वतःला कळली नसेल असं होणं शक्य नाही. ‘द हिल ऑफ देवी’ या त्यांच्या पुस्तकात तो काळ आहे.

पण देवासचा विषय मी काढला तो गमतीसाठी नाही. तिथली गोकुळाष्टमी त्यांनी पाहिली. दिवसचे दिवस चाललेला गोंगाट, रेटारेटी, गुलाल, अनवाणी गर्दी, कशाचा कशाला मेळ नाही. शिस्तीच्या, नेमकेपणाच्या दृष्टीनं सगळा सावळागोंधळ, आणि त्या गोंधळातच महाराज भान हरपून नाचताहेत. फॉर्स्टर वैतागले आणि भारावलेही. त्याच उत्सवातून ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) या कादंबरीचा शेवटचा भाग उभा राहिला. तिथले गाणारे तुकारामांचं नाव घेत राहतात, ते देवासहून आलेलं आहे. खोलीत कोंडलेली, एकमेकांना न शिवणारी माणसं त्यांनी १९०९ मध्ये कल्पनेनं लिहिली होती. देवासला त्यांना त्याच्या नेमकं उलट टोक भेटलं, घामेजलेलं आणि कर्कश.

त्या देवीच्या टेकडीच्या परिसरात पुढे १९४८ मध्ये कुमार गंधर्व राहायला आले, क्षयानं आजारी. काही वर्षं गाण्याची मनाई होती. एका खोलीत पडून त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली, रस्त्यानं जाणाऱ्यांची, दारावर येणाऱ्यांची. वाश्तीची खोलीही गाण्यानं भरलेलीच असते. तिच्या खोलीला खिडकी नव्हती, एवढाच फरक.

यंत्रातून दिसणाऱ्या मुलाबद्दल कथेत एक उपमा आहे. पिकलेल्या द्राक्षावर पांढुरका, बोट लागताच पुसला जाणारा एक थर असतो. कृत्रिम फळं बनवणारे तो वगळतात, तसंच यंत्रही माणसाच्या चेहऱ्यावरचं काहीतरी वगळतं. ठोकळमानानं माणूस कळतो आणि तेवढ्यावर काम भागतं. त्या थराला मराठीत नेमका शब्द मला सापडला नाही. नाशिककडे द्राक्षं घेताना जाणकार माणूस तेच बघतो: थर शाबूत म्हणजे फळ फार हाताळलेलं नाही. फॉर्स्टरच्या उपमेत गंमत अशी की हा थर दिसतो, पण हात लावला की जातो. म्हणजे समोरासमोरची भेटही तो जपेलच याची खात्री नाही. कथेत वाश्ती एवढा प्रवास करून मुलासमोर बसते, आणि भेट वाईट होते. दोघं भांडतात. समोर येण्यानं सगळं सुधारतं, असं भाबडं आश्वासन फॉर्स्टर देत नाहीत.

या भागाला १९६७ मध्ये इटलीतल्या ट्रिएस्टे इथल्या विज्ञानकथा-चित्रपट महोत्सवात पहिलं पारितोषिक मिळालं. मालिका १९७१ पर्यंत चालली. एकूण ४९ भाग झाले. त्यांतले २० पूर्ण स्वरूपात शिल्लक आहेत. त्या काळी चित्रफिती महाग असत, आणि एकदा दाखवलेलं नाटक पुन्हा कोण बघणार, या हिशेबानं बीबीसी त्या पुसून नव्या चित्रीकरणाला वापरत असे. आयझॅक अॅसिमॉव्ह यांच्या ‘द नेकेड सन’ या कादंबरीवर याच मालिकेत १९६९ साली एक भाग झाला होता. त्यातही एकमेकांना प्रतिमेतून बघणं सभ्य आणि प्रत्यक्ष सहवास किळसवाणा मानणारा समाज आहे. ‘यंत्र थांबतं’चं हे सख्खं भावंड, आणि त्याचं मूळ ध्वनिचित्रण आज पुरतं हाती नाही. ‘यंत्र थांबतं’ मात्र वाचलं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं उरलेले भाग २०१४ मध्ये संचरूपानं काढले.

माझ्यापर्यंत तो संच मुलाकडून आला. डिसेंबरात त्याचा मित्र भारतात येणार होता, त्याच्या हाती त्यानं पाठवला. संगणकावरही पाठवता आलं असतं, पण त्यानं वस्तू पाठवली. मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा टिपणं काढत, दुसऱ्यांदा नुसता.

टोरांटोला ये, असं तो मला तीनदा म्हणाला आहे. पहिल्या वेळी माझं पुस्तक छापखान्यात होतं. दुसऱ्या वेळी गुडघा होता. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, अरे, दर रविवारी दिसतोस की. हे वाक्य मी खरंच म्हणाले होते, आणि त्या वेळी ते मला समंजसपणाचं वाटलं होतं. तो काही बोलला नाही. त्याचं न बोलणं पडद्यावर नीट कळलं नाही. मला वाटलं आवाज गेला.

यंत्राची बाजूही थोडी मांडायला हवी, ती फॉर्स्टर मांडत नाहीत. माझी आत्या लग्न होऊन कराचीला गेली आणि फाळणीनंतर वर्षानुवर्षं तिची पत्रंच तेवढी येत. तिच्या आईनं तिचा चेहरा पुन्हा पाहिला नाही. तिला कुणी निळी तबकडी दिली असती तर तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली असती, आणि तिला मी हसले नसते. कथेचा राग काचेवर नाहीच. काचेत दिसतं तेवढं पुरे आहे, असं ज्या दिवशी वाटू लागतं त्या दिवसावर आहे.

शेवटी यंत्र थांबल्यावर वाश्ती पहिल्यांदा आपणहून दार ओलांडून बाहेर येते, बोगद्यात, जिथं माणसं एकमेकांवर पडून मरताहेत. कूनो तिथं आहे. तो त्या आधीच दक्षिण गोलार्धात, तिच्याजवळच राहायला आलेला असतो, आणि तिनं त्याला इतका काळ भेट दिलेली नसते. अंधारात दोघं एकमेकांना हातांनी शोधतात. मिचेलची मान वाकते, आणि त्या क्षणी मी थांबवायचं बटण दाबलं. चित्र थिजलं. तसंच काही वेळ ठेवलं आणि मग पुढे सोडलं.

पुढच्या रविवारी त्यानं विचारलं, “कसा वाटला?” मी इव्हॉन मिचेलबद्दल बोलले, मग ज्यूलियाबद्दल, मग देवासच्या वीजघराबद्दल. तो हसला. मी म्हणाले, “अरे, विमानाला साधारण किती तास लागतात रे?” तेवढ्यात नेट अडकलं. त्याचा चेहरा चौकटी-चौकटी होऊन तसाच राहिला, तोंड अर्धवट उघडं, आणि आवाज तेवढा येत राहिला: “आई? आई, दिसतोय का मी?”